कागदोपत्री अविवाहित

ऐन उमेद सैन्यात घालवून, नायब सुभेदार होऊन, एक लग्न करून, एक मुलगी वाढवून, तिचं लग्न लावून, नातीच्याही डोक्यावर अक्षता टाकून माझे वडील ऐंशीच्या पुढे गेले, आणि मग सरकारनं आम्हाला कळवलं की हा गृहस्थ अविवाहित आहे.

वडिलांना मी अण्णा म्हणते. त्यांना श्वास लागला म्हणून आम्ही माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथं अतिदक्षता विभागात एकाच माणसाला सोडतात, आणि त्या माणसाचं नाव सैन्याच्या दप्तरात बायको, नवरा किंवा मूल म्हणून नोंदलेलं असावं लागतं. दाराशी टेबल टाकून एक इसम कॉम्प्युटर घेऊन बसला होता. जुनी कार्डं आता चालत नाहीत, सगळं मूळ सर्व्हिस रेकॉर्डशी जुळवतात, असं तो अशा थाटात म्हणाला, की जुळवणं त्यानंच शोधून काढलंय. मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "पेशंट अनमॅरिड आहेत. या अज्जी त्यांच्या भाची."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना? ती बायको आहे त्यांची."

त्यानं आईला विचारलं, "अज्जी, तुम्ही त्यांच्या भाची ना?"

आई भाबडेपणानं म्हणाली, "हो, भाचीच की मी."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग विचारलं, मी मुलगी आहे, मला तरी सोडा. तो म्हणाला, तुमचं तर नावच नाही. नसणारच. अविवाहित माणसाला मुलगी कुठून असणार? मी साठीला आलेली बाई त्याच्यासमोर उभी होते आणि त्याच्या स्क्रीनवर मी जन्मलेच नव्हते.

अण्णा आत होते तेवढे दिवस आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आतून खोकला ऐकू आला की उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. तिथल्या कुणाला त्याचं काहीही वाटलं नाही. नियम म्हटला की या लोकांची माणुसकी रजेवर जाते.

आता जरा दम खाऊन आमचं सांगते, नाहीतर पुण्या-मुंबईकडचा वाचक भुवया उंचावून बसेल. बसू दे. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले आणि इकडचेच झाले. आमच्या सारात चिंच वाढली, बोलण्यात 'थोडं'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी आलं, आणि बहिणीची मुलगी करून घेणंही आलं. इथल्या कन्नड लोकांत ते जुनंच आहे. माझी आई अण्णांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. म्हणजे अण्णांची सासू ही त्यांची सख्खी बहीण, आणि मला आजी आणि आत्या एकाच लुगड्यात मिळाल्या. आई अण्णांना लहानपणापासून मामा म्हणायची. लग्न झालं तरी मामाच म्हणत राहिली. नवऱ्याला नावानं हाक मारायची नसते, मग दुसरं म्हणणार काय?

दप्तरात घोळ झाला तो असा. अण्णा भरती झाले तेव्हा त्यांची बहीण विधवा होती, तिचा आणि तिच्या मुलीचा भार अण्णांवर. म्हणून त्यांनी अवलंबून असणाऱ्यांत दोघींची नावं लिहिली, बहीण आणि भाची. पुढे त्याच भाचीशी लग्न झालं तेव्हा त्यांनी रीतसर लग्नाचा कागद युनिटच्या ऑफिसात दिला. तिथल्या कारकुनानं पाहिलं, ही तर भाची म्हणून आधीच आहे. मग ती बायको कशी असेल? जवानाला फॉर्म भरता येत नाही, असं समजून त्यानं स्वतःच्या अकलेनं चूक सुधारली आणि पत्नीच्या जागी रेघ मारली. माणूस अडाणी असला तर चालतं, पण अडाणी असून मदतीला धावला की वाटोळं होतं.

तुम्ही म्हणाल, निवृत्तीच्या वेळी अण्णांनी कागद बघितले नाहीत का? बघितले. मी विचारलं तर म्हणाले, "तिचं नाव होतं की त्यात." नाव होतं, म्हणजे झालं! पुढे काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट या सुभेदारसाहेबांनी घेतले नाहीत. त्यांच्यावरही मी तेव्हा तोंडसुख घेतलं, ते लपवत नाही.

त्या वेळी अण्णा बरे होऊन राजाजीनगरला घरी आले. आल्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी आईला विचारलं, "आत का नाही आलीस तू?"

"सोडलं नाही मला, मामा."

अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं तुला काहीतरी झालंय आणि ही माणसं मला सांगत नाहीयेत."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. अण्णा माझ्याकडे वळले. "मी परत जाणार तिथं. छातीचं हे दुखणं काही सोडणार नाही मला. पेन्शनबिन्शनचं राहू दे, पण पुढच्या वेळी ही आत पाहिजे. एवढं कर."

एवढं कर! जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती.

पहिली उडी घेतली आमच्या जावयांनी. मुलीचे यजमान पुण्याचे, आयटीत, राहायला कोरमंगलात. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एक अॅप असतं. बसायच्या लाकडी तक्तपोसावर लॅपटॉप ठेवून त्यांनी माझ्याकडून हकीकत ऐकली आणि मध्येच थांबले.

"एक मिनिट मम्मी. म्हणजे आजोबा आजींचे... ॲक्च्युअल मामा?"

"ॲक्च्युअल."

"पण हे... आय मीन, आमच्याकडे मामा-भाची म्हणजे अगदीच..."

"तुमच्याकडे मामाची मुलगी चालते ना? मग आम्ही एक घर पुढे गेलो. घ्या, चकली घ्या."

चकली घेतली, पण चेहरा काही सरळ होईना. लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर, असं त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मग त्यांनी एक तोडगा काढला. "आपण कशाला डीटेलमध्ये जायचं? लिहूया की लग्नापूर्वी काही नातं नव्हतं, ती भाचीची एंट्री चुकीची आहे. क्लीन केस."

अण्णांना कमी ऐकू यायचं, पण नको ते बरोब्बर ऐकू यायचं. आरामखुर्चीतून म्हणाले, "वर गेल्यावर अक्काला, हिच्या आईला, काय सांगू? तू माझी कुणी नव्हतीस असं लिहून दिलं म्हणून?" क्लीन केस तिथंच संपली.

तरी जावयांनी खरं लिहून इंटरनेटवर तक्रार नोंदवली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. जावई खूश, फोन करून अभिनंदन! मी म्हटलं, अहो, काय निकाली निघालं? तक्रार निघाली, चूक जागच्या जागी आहे. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकाली. आमच्या घरात तेवढे दिवस सरकारइतकं तत्पर दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी मी आपली जुन्या रीतीनं कागदाला कागद जोडून रजिस्टर पोस्टानं सगळे सैन्याच्या उत्तरेतल्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आम्ही थांबलो, आणि सहा महिन्यांनी आलं ते उत्तर नव्हे, प्रश्न. अशा जवळच्या नात्यातलं लग्न कायद्यानं निषिद्ध आहे, मात्र समाजात तसा रिवाज असल्यास चालतं, तरी रिवाजाचा पुरावा सादर करावा.

रिवाजाचा पुरावा! उद्या विचारतील, इडलीबरोबर चटणी खाता याचा पुरावा आणा. पुरावा, म्हणजे मी, घरात दोन पायांवर फिरत होता, बीपीची गोळी घेऊन चिडचिड करत होता, पण तो शिक्का मारून पाठवता येईना.

मग मी आमच्या समाजाच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. ते आमच्याच राजाजीनगरात राहतात, तीन रस्ते सोडून. कुणी गेलं की शोकसभा आणि कुणाचं पोर दहावी झालं की सत्कार, अशा दोन टोकांमध्ये त्यांचं समाजकार्य चालतं. लेटरहेडवर चार ओळी हव्या होत्या, आमच्यात अशी लग्नं होतात, एवढंच. अध्यक्षांनी सगळं ऐकून चष्मा काढला आणि पुसत बसले.

"त्याचं काय आहे अक्का, आता काळ बदलला. आता आपल्यात असं कुणी करत नाही."

"आताचं कुणी विचारलंय? तेव्हा होत होतं की नाही?"

"होत असेल, कुठं कुठं. पण मंडळाच्या लेटरहेडवर... धाकट्याला मुंबईची स्थळं बघतोय आम्ही. ती माणसं काय म्हणतील? चार लोकांत हसू नको."

हे त्यांचं बोलणं चालू असताना त्यांची बायको चहा घेऊन आली. आणि ही बायको कोण? अध्यक्षमहाराजांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी! त्यांच्या लग्नात मी स्वतः जिलब्या खाल्ल्यात. भाचीच्या हातचा चहा पीत हा माणूस मला सांगत होता की आपल्यात असं नसतं. मी रागानं उठलेच. म्हटलं, "सरी, राहू दे. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ बघितले, तुम्ही तर ताकात बसून म्हशीला ओळख देईनासे झालात."

बायकोनं ट्रे खाली ठेवला. मला वाटलं, आता ही माझ्यावर तुटून पडणार. ती नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे मी कोण मग? बसा गप." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मंडळाचा शिक्का गेला खड्ड्यात. मी माझ्या नावानं लिहून देते. कुठं सही करू, सांग." नुसती सही करून थांबली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन नोटरीकडे आली, दोघीही मामाला दिलेल्या. वकिलासमोर तिघींनी ताठ मानेनं सांगितलं की आमचा नवरा आमचा मामा. एकीनं तर एवढ्या जोरात सांगितलं की बाहेर झेरॉक्सला उभी असलेली माणसं आत डोकावली. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला, लेटरहेड तयार आहे. घरात जेवण बंद झालं असणार, दुसरं काय. अशांची शहाणपणाची वाट पोटातूनच जाते.

कागद गेले. मग निरोप आला की रेकॉर्ड ऑफिसचे साहेब प्रत्यक्ष चौकशी करणार, पण व्हिडिओवर. त्यासाठी आम्हा तिघांना इथल्या माजी सैनिकांच्या कार्यालयात बोलावलं. तिथले हेडक्लार्क कन्नड होते, फाइल चाळून त्यांनी मलाच विचारलं, "यात प्रॉब्लेम काय आहे, अम्मा? माझ्या आजोबांनीही बहिणीची मुलगीच केली होती." त्या सगळ्या भानगडीत ठिकाणावर डोकं असलेला तो मला भेटलेला पहिला सरकारी माणूस.

घरी आईची मी तालीम घेतली होती. विचारलं, हे कोण, तर काय म्हणशील? पती. पुन्हा? पती. आई वैतागून म्हणायची, "कळलं गं, मी काय बालवाडीत आहे?" ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर उत्तरेतले साहेब आले. मागे ध्वज, पुढे फाइल. त्यांनी आईला हिंदीत विचारलं, "माताजी, ये बगल में जो बैठे हैं, ये आपके कौन लगते हैं?"

आईनं अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा."

हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. स्क्रीनवरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा कसा फुलला म्हणता! इतक्या लांबून, तारेवरून, बसल्या जागी चोर पकडला होता. म्हणाले, "देखिए, ये तो खुद कह रही हैं." मी तोंड उघडलं तर मला म्हणाले, "आप बीच में मत बोलिए, आपका तो रेकॉर्ड में नाम ही नहीं है." हेडक्लार्क मध्ये पडून समजवायला लागले, आमच्याकडे बायका अशाच हाका मारतात, माझी आजीसुद्धा मारायची, तर त्यांनाही गप्प केलं. आईला काय चुकलं ते कळेना. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मला त्या माणसाचा इतका संताप आला की स्क्रीनवर पाण्याचा ग्लास फेकावासा वाटला.

अण्णांना यातलं किती ऐकू गेलं, देव जाणे. पण त्यांनी आईचे डोळे पाहिले. खुर्चीचा दांडा धरून ते उभे राहिले. मी आधार द्यायला गेले तर हात झटकला. काठी सोडून, पाय जुळवून सावधान उभे राहिले, आणि फौजेतल्या त्यांच्या त्या खणखणीत हिंदीत म्हणाले, "साहब, ये मेरी बहन की बेटी है. और मेरी बीवी है. दोनों सच है. आपके बाबू ने एक लिखा, दूसरा काट दिया. दोनों लिखिए."

साहेब काहीतरी पुटपुटले. अण्णांना ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी ते बसले नसते. "दोनों लिखिए, साहब," ते पुन्हा म्हणाले. आई उठून त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना, मामा." पुन्हा मामा! पण आता मला हसू आलं. साहेबांनी दोघांकडे बघत पेन उचललं. लाजेनं उचललं, की फाइल एकदाची हातावेगळी करायला, ते मला माहीत नाही. लाजेनं असेल असं मला वाटत नाही.

पुढे पत्र आलं, त्यातही गंमत होतीच. जुनी नोंद खोडता येत नाही म्हणे, फक्त भर घालता येते. म्हणजे साठेक वर्षांपूर्वी एका कारकुनाला रेघ मारता आली, पण आता अख्ख्या ऑफिसला मिळून ती पुसता येईना. तेव्हा दप्तरात आई भाची राहिली आणि खाली पत्नी म्हणूनही आली. माझं नाव घालायचं राहिलंच, त्यासाठी वेगळा अर्ज करा असं खाली लिहिलं होतं. मी तो अर्ज अजून केलेला नाही आणि करणारही नाही. त्यांच्या दप्तरात जन्म घेण्याची मला हौस नाही.

अण्णांनी पत्र भिंग लावून वाचलं, या वेळी पुढचं-मागचं सगळं. मग आईला बोलावून तिच्या हातात दिलं. "घे. झालं बघ लग्न." आई म्हणाली, "इश्श, काहीतरीच," आणि पत्र देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं.

अण्णा म्हणाले होते तसंच झालं. थंडीत श्वास पुन्हा लागला आणि पुन्हा तेच हॉस्पिटल, तोच दरवाजा. टेबलाशी या वेळी एक मुलगी होती. तिनं नंबर घातला, स्क्रीन बघितला आणि गोंधळली. "अज्जी, इथं दोन नाती दिसतायत. कुठलं लावू?"

मी बोलणार होते. माझ्या जिभेवर इतक्या दिवसांचं बरंच काही तयार होतं. पण आईनंच उत्तर दिलं.

"जे लावलं की आत सोडतात ते लाव, बाळ."

मुलगी हसली आणि तिनं दार उघडलं. आईनं चपला बाहेर काढल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि आत गेली. दार मिटता मिटता तिचा आवाज ऐकू आला, "मामा, मी आलेय बरं का."

अण्णा तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. आई त्यांच्याजवळ आत होती. मी बाहेरच्या त्याच बाकावर बसले होते. आत एकालाच सोडतात, आणि त्या दिवशी मी कुणाशी भांडले नाही.